मोटारीचा घाट कोणाचा?

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. गोदेच्या काठी राहणाऱ्या नांदेडकरांना या म्हणीतले शहाणपण वेगळे समजावून सांगायला नको. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर निघणारी धार आणि नांदेडला पोहोचलेले पात्र, ही दोन्ही गोदावरीच. पण मधल्या वाटेवर प्रवरा, सिंदफणा, पूर्णा तिला येऊन मिळालेल्या असतात. तरीही माणसाची जिज्ञासा स्वस्थ बसत नाही. त्यातून यंत्राच्या कीर्तीबरोबर पैसा येतो. आणि पैसा आला की मूळ शोधणारे आणि ‘आम्हीच ते मूळ’ म्हणणारे, दोघेही एकदमच जागे होतात.

आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे ते म्हणजे पुण्यात तयार झालेली इंडिका मोटार. ती पूर्णपणे भारतीय, असे तिच्या कर्त्यांनी १९९८ साली सांगितले. त्यावर अनेकांनी भुवया उंचावल्या. आरेखन इटलीचे, इंजिनासाठी सल्ला फ्रान्सचा, यंत्रे ऑस्ट्रेलियातून आणलेली आणि तीही जपान्यांनी वापरून सोडलेली. मग यात भारतीय ते काय, पुण्याचे पाणी? प्रश्न खोचक खरा, पण उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी आपणांस थोडा वेळ जपानात नेणार आहे. तेथे एका मोटारीवरून असाच वाद झाला, आणि तो बराच काळ चालला.

भांड्याच्या आकाराला आपल्याकडे घाट म्हणतात. तांबट घागर घडवतो तेव्हा घाट त्याच्या हातात असतो आणि हातोडीही त्याच्याच हातात असते. घागर कोणाची हा प्रश्न उद्भवत नाही. मोटारीचे तसे नाही. एक जण कागदावर रेषा काढतो, दुसरा मातीचा नमुना करतो, तिसरा म्हणतो की या बाकाचा पत्रा साच्यात दाबताना फाटेल, चौथा हिशेब मांडून सांगतो की एवढ्या किमतीला हे परवडणार नाही. अशा शंभर हातांतून घाट बाहेर पडतो.

निस्सान या जपानी कंपनीने १९६९ च्या शरदात फेअरलेडी झेड नावाची दोन बैठकांची वेगवान मोटार लोकांसमोर आणली. लांबलचक नाक, मागे उतरत गेलेले छप्पर, बसणारा जवळजवळ मागच्या चाकांपाशी. अमेरिकेत ती डॅटसन २४० झेड या नावाने गेली. नाव बदलण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. निस्सानचे अध्यक्ष कावामाता यांनी न्यूयॉर्कला ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक पाहिले होते, आणि त्यावरून कंपनीच्या आधीच्या उघड्या मोटारीलाच फेअरलेडी हे नाव पडले होते. पण अमेरिकेतील कारभार पाहणारे युताका कातायामा यांना ठाऊक होते की, मर्दुमकीने गाडी हाकणारा अमेरिकन गडी असल्या नाजूक नावाच्या गाडीत बसणार नाही. त्यांनी नाव बदलले. गाडी ३,५२६ डॉलरला विकायला ठेवली, आणि तशा दिमाखाच्या युरोपीय गाड्यांच्या मानाने ही किंमत इतकी कमी होती की गिऱ्हाइकांची रीघ लागली. या पहिल्या पिढीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या पुढे तयार झाल्या. जपानी माल म्हणजे स्वस्त आणि नकली, ही जी समजूत युद्धापूर्वीपासून जगभर रुजली होती, ती मोडण्यात या गाडीचा वाटा मोठा आहे.

यश आले आणि मग बाप शोधण्याची पाळी आली. आल्ब्रेश्त गोएर्त्स नावाचे जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले नामांकित आरेखनकार होते. बीएमडब्ल्यूची ५०७ ही देखणी गाडी त्यांच्या हातची. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत निस्सानने त्यांना सल्लागार नेमले होते, आणि यामाहाच्या साहाय्याने एका वेगवान मोटारीचा नमुनाही तेव्हा आकाराला आला होता. निस्सानने तो बेत सोडून दिला. यामाहा टोयोटाकडे गेली, आणि त्या सहकार्यातून टोयोटाची २००० जीटी ही सुरेख पण महागडी गाडी निघाली. ती जेमतेम साडेतीनशे तयार झाली. झेड गाजू लागल्यावर तिचे जनक गोएर्त्स, असे पाश्चात्त्य नियतकालिके लिहू लागली, आणि स्वतः गोएर्त्स यांनीही ते नाकारले नाही. उलट हक्क सांगितला. इकडे निस्सानच्या आरेखन खात्यात योशिहिको मात्सुओ नावाचे तरुण गृहस्थ १९६५ पासून आपल्या छोट्या चमूसह याच गाडीच्या मागे लागलेले होते. उघडी गाडी नको, छप्पर हवे. अमेरिकन उंच माणूस आत मावला पाहिजे. सहा सिलिंडरचे इंजिन बसेल एवढे नाक लांब हवे. हे सारे निर्णय गोएर्त्स निघून गेल्यानंतरचे. मात्सुओ यांचे नाव मात्र बाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. मोठ्या जपानी कंपनीत नोकराचे नाव पुढे करण्याची रीत नव्हती.

अखेर १९८० साली निस्सानने गोएर्त्स यांना एक पत्र दिले. त्याचा आशय असा की, झेडचे आरेखन आपण केलेले नाही. तथापि ज्यांनी ते केले त्यांच्यावर आपण आमच्यासाठी पूर्वी केलेल्या उत्कृष्ट कामाचा प्रभाव पडला होता. पत्र मुत्सद्दीपणाचे आहे हे उघडच आहे. पण माझ्या मते ते खरेही आहे. शिकवणारा निराळा आणि निर्णय घेणारा निराळा. गाडी निर्णय घेणाऱ्याची.

हे माप हातात घेऊन आता आपल्या मुलखाकडे वळू. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि मुंबईजवळ कुर्ल्याला मोटारी जुळू लागल्या; आधी अमेरिकन, मग इटलीतल्या तुरिनच्या फियाट. १९६४ साली कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट सुरू झाली. पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. नाव चितोडच्या राणीचे, घाट तुरिनचा. ही गाडी वाईट होती असे कोणी म्हणणार नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्यावर संसार केले, आणि तिची शेवटची काळीपिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. परंतु कुर्ल्याच्या लोकांनी त्या घाटाविषयी मोठा असा निर्णय कधी घेतला नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवी, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे असे; घाट बदलण्याची निकड कोणाला असणार? साचे झिजेपर्यंत तोच पत्रा दाबला गेला.

पुण्याची गोष्ट निराळ्या वळणाने गेली. टेल्को ही मूळची जमशेदपूरची, डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून मालमोटारी बनवणारी कंपनी. सुमंत मुळगावकरांनी १९६६ च्या सुमारास पिंपरी-चिंचवडला नवे काम उभे केले, तेव्हा संशोधन केंद्र आणि हत्यारे-साचे करणारा कारखाना यांवर भर दिला. लोकांना त्या वेळी तो खर्च उधळपट्टीचा वाटला असल्यास नवल नाही. पण १९६९ साली जर्मनांशी असलेला करार संपला, तेव्हा टेल्कोला स्वतःच्या पायांवर चालावे लागले आणि चालता आले. १९८६ साली चारशेसात ही हलकी मालमोटार आली, तीही चार जपानी कंपन्यांशी सहकार्य केलेल्या गाड्या बाजारात असताना. आपल्या मोंढ्यांतून ती किती दिसते हे सांगायला नको. मग सिएरा, इस्टेट, आणि १९९४ ची सुमो. सुमो हे नाव जपानी मल्लांवरून आले असे पुष्कळांना वाटते. ते मुळगावकरांच्या नावातली आणि आडनावातली आद्याक्षरे जोडून केलेले आहे.

या पायावर रतन टाटांनी छोट्या मोटारीचा विचार मांडला. मारुती झेनएवढा आकार, अ‍ॅम्बॅसॅडरएवढी आत जागा, मारुती ८०० च्या आसपास किंमत, आणि डिझेलवर चालणारी. या चार अटींतच गाडीचा अर्धा घाट ठरून गेला. बाहेरून लहान आणि आतून मोठी म्हटल्यावर चाके चार कोपऱ्यांना जाणार, छप्पर उंच होणार, इंजिन पुढे आडवे बसणार. स्वतः टाटा शिक्षणाने वास्तुशास्त्रज्ञ, कॉर्नेल विद्यापीठाचे पदवीधर. घरात जागा कशी काढायची हे त्यांना शिकवलेलेच होते. बाह्यरूपाच्या रेषांसाठी तुरिनची आयडिया ही संस्था नेमली गेली. फियाटची टिपो ही तिची आधीची कामगिरी. म्हणजे पुन्हा तुरिन! पण १९६४ मध्ये तुरिनहून तयार घाट आला होता. या वेळी पुण्याच्या अटी तुरिनला गेल्या. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

इंजिन पुण्याचे. त्याचे नाव ४७५, म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर. एकूण १,४०५ घनसेंटिमीटर. सल्ला फ्रेंचांचा घेतला. यंत्रसामग्रीची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. निस्सानने ऑस्ट्रेलियातील आपला मोटारीचा कारखाना १९९२ साली बंद केला होता. टेल्कोने त्यातली यंत्रे सुमारे १०० कोटी रुपयांना विकत घेतली, सुटी केली, जहाजांवर चढवली आणि पुण्यात पुन्हा उभी केली. नवी घ्यायची तर याच्या कित्येक पट पैसा लागला असता. ही तीच झेडवाली निस्सान. झेड त्या यंत्रांवर घडली नव्हती, ती जपानातच घडत होती. पण जुन्या बाजारात काय घ्यावे आणि कशावर पैसा घालावा, हे ओळखण्याची नजर आपल्या लातूरच्या आडतीतल्या एखाद्या जाणत्या व्यापाऱ्यानेही वाखाणावी अशीच होती. सारा प्रकल्प सुमारे १,७०० कोटींत झाला. जगातल्या मोटार कंपन्यांच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी.

जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी दाखवली गेली, आणि विक्री सुरू होताच पैसे भरून नावे नोंदवणाऱ्यांची संख्या लाखावर गेली. मग तक्रारींचा पाऊस पडला. गाडी आवाज करते, टायर लवकर झिजतात, खालची बांधणी खडखडते. ज्यांनी भुवया उंचावल्या होत्या त्यांना आता समाधान वाटले.

माझ्या दृष्टीने इंडिकाच्या जन्माची खरी तारीख १९९८ नव्हे. ती २००१ आहे. दोष निघाल्यावर पुण्याच्या यंत्रज्ञांना कोणाच्या परवानगीसाठी तुरिनला किंवा पॅरिसला जावे लागले नाही. नकाशे त्यांचे, साचे त्यांचे, चूकही त्यांचीच. त्यांनी गाडी पुन्हा उलगडली, खालची बांधणी सुधारली, टायर बदलले आणि २००१ साली व्ही-टू या नावाने ती बाजारात आणली. ही सुधारलेली गाडी लोकांनी उचलून धरली. डिझेल पिणारी, पाच माणसे आणि त्यांची बोचकी घेऊन जाणारी ही मोटार भाड्याच्या धंद्यात तर अशी स्थिरावली की, ‘गाडी ठरवली’ म्हटले की इंडिकाच दारात उभी राहायची. २००३ साली इंग्लंडच्या एमजी रोव्हरने तीच गाडी सिटीरोव्हर नावाने आपल्या देशात विकायला घेतली. किंमत फार लावली आणि खप बेताचाच झाला. २००५ मध्ये ती कंपनीच बुडाली. पुण्यात मात्र इंडिका पुढेही बनत राहिली, आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले.