सुरतेचा धडा आणि एक कमी केलेले नाव

नवापूरच्या स्टेशनात एक पाय महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत ठेवता येतो. आम्हा खानदेशी माणसांचे आयुष्यही तसेच आहे. तापी व्हॅलीच्या गाडीने आमची माणसे उधन्याला उतरली, लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांत राहिली, लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करून त्यांनी संसार उभे केले. सुरत महानगरपालिकेने त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळा काढल्या. अशाच एका शाळेत मी नोकरीला होतो.

सप्टेंबर १९९४ मध्ये पुरापाठोपाठ सुरतेत प्लेगची साथ आली. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. माझा वर्ग एका दिवसात ओस पडला. दिवाळीनंतर मुले परतली, पण सगळी नाहीत.

मे १९९५ मध्ये सूर्यदेवरा रामचंद्र राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे अधिकार दिले. अधिकारी सकाळी रस्त्यावर फिरू लागले, दुपारी एकत्र बसू लागले. तोवर कचरा एका खात्याचा, गटार दुसऱ्याचे आणि आजार तिसऱ्याचा होता. तिघे एका टेबलाशी आले आणि दोन वर्षांच्या आत सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. माणसे तीच होती, पैसाही आभाळातून पडला नव्हता. बदलली ती बसण्याची पद्धत.

त्याच काळात माझ्या वर्गातला सहावीचा एक मुलगा रोज उशिरा येऊ लागला. पुढे दिवसाआड येऊ लागला. विचारले तर खाली मान घालून म्हणायचा, "गुरुजी, माय बिमार शे." मी दोनदा रागावलो. पुढे नियमाप्रमाणे त्याचे नाव पटावरून कमी केले. काही महिन्यांनी तो एका लूमच्या कारखान्यात बॉबिन भरताना दिसला. मला पाहून हसला. ते हसणे मला आजवर पुरले आहे.

नंतर हळूहळू सगळे कळले. त्याच्या आईला क्षय होता आणि तिने औषध मध्येच सोडले होते. हे दवाखान्यातल्या नर्सबाईंना ठाऊक होते. धाकट्या बहिणीला बालवाडीत पोचवायला आणि न्यायला तोच येई, हे बालवाडीच्या ताईंना ठाऊक होते. तो शाळेतून गळत चालला आहे, हे मला ठाऊक होते. आमच्या तिन्ही जागा एकाच गल्लीत, पण आम्ही तिघे कधी एकत्र बसलो नाही. बसलो असतो तर त्याची शाळा वाचली असती, असे मला अजूनही वाटते.

हे न सुचण्यासारखे होते, असेही नाही. सुरतेहून मुंबईकडे जाताना, सीमा ओलांडताच बोर्डी लागते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तेथे १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड असते, हे त्या दोघींनी पाहिले. मुलीला दोष देण्याऐवजी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला नाव दिले विकासवाडी. मूल गळण्याआधीच त्याची अडचण ओळखायची, ही त्यामागची समज होती. माझ्या विद्यार्थ्याची अडचण याहून वेगळी कुठे होती?

पुढे कायदेही झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्याअभावी प्रवेश अडवायला मनाई केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत गावोगावी आणि वॉर्डावॉर्डांत बाल संरक्षण समित्या नेमण्याची तरतूद आली. कागदावर आता टेबल आहे. त्याभोवती माणसे बसतात की नाही, हे मात्र त्या त्या गल्लीवर अवलंबून असते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नंदुरबार-नवापूरकडून कोयते बांधून माणसे बारडोलीच्या उसाकडे निघालेली असतील. त्यांच्याबरोबर मुलेही असतील. इकडच्या पटावर ती गैरहजर लागतील आणि तिकडच्या पटावर त्यांचे नावच नसेल. तुमच्यात शिक्षक असतील, अंगणवाडीच्या ताई असतील, आशाताई असतील. महिन्यातून एकदा एकत्र बसा आणि एकच प्रश्न विचारा: या महिन्यात कोणते मूल दिसले नाही? उत्तर तिघांकडे मिळून असते, एकट्याकडे नसते. पटावरचे नाव खोडायला मला अर्धा मिनिटसुद्धा लागला नव्हता. ते पुन्हा लिहिण्याची संधी मला मिळाली नाही.