हर्नहूटचा तंटा

श्रोतेहो, तंटा नाही असे गाव आणि रुसवा नाही असे घर कुठे शोधून सापडायचे नाही. पण धर्मासाठी ज्यांनी घरदार सोडले, एका देवापायी ज्यांनी हालअपेष्टा सोसल्या, ती माणसे तरी आपसांत गुण्यागोविंदाने राहत असतील, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र तसे सांगत नाही. जर्मनीच्या सॅक्सनी भागातल्या हर्नहूट या लहानशा गावाची हकिकत त्यासाठी ऐकण्यासारखी आहे.

आज ज्याला चेक देश म्हणतात, तेथे यान हुस नावाचा धर्मसुधारक होऊन गेला. त्याला १४१५ साली जिवंत जाळले. पुढे १४५७ साली त्याच्या विचारांच्या काही लोकांनी आपला एक बंधुसंघ स्थापला. १६२० नंतर राजसत्तेने या पंथाचा बीमोड केला. तरी मोराविया प्रांतातल्या काही घरांत तो चोरून जिवंत राहिला. अखेर शंभर वर्षांनी, म्हणजे १७२२ साली, ख्रिश्चन डेव्हिड नावाच्या एका सुताराने त्यांतली काही कुटुंबे सरहद्दीपलीकडे सॅक्सनीत आणली. तेथे झिंझेंडॉर्फ नावाच्या बावीस वर्षांच्या उमरावाने त्यांना आपल्या जमिनीत थारा दिला. १७ जून १७२२ रोजी डेव्हिडने घरासाठी पहिले झाड तोडले. वस्तीचे नाव पडले हर्नहूट, म्हणजे ‘प्रभूची राखण’.

नाव मोठे गोड. पण पाच वर्षांत तेथे सुमारे तीनशे माणसे जमली आणि राखण करणाऱ्या प्रभूचीच परीक्षा सुरू झाली म्हणाना! कोणी मोरावियाचे, कोणी लूथरपंथी, कोणी आणखी तिसऱ्या मताचे. उपासना कोणत्या रीतीने करावी, प्रभुभोजन कोणाच्या हातून घ्यावे, जुन्या बंधुसंघाचे नियम चालवावे की नाही, यावरून घराघरांत बोलाचाली होऊ लागल्या. तशात क्र्यूगर नावाचा एक गृहस्थ आला. आश्रय देणारा उमराव म्हणजे शास्त्रात सांगितलेला पशू आणि गावाचा पाळक रोथे म्हणजे खोटा संदेष्टा, असे तो सांगू लागला. आणि लोकांना ते पटलेसुद्धा! ज्याने पहिले झाड तोडले तो डेव्हिडही त्याच्या नादी लागला आणि गावापासून वेगळा राहू लागला.

आता तुम्ही म्हणाल, जमीन उमरावाची. मग चार भांडखोरांना त्याने हाकलून का दिले नाही? तसे करणे त्याला अवघड नव्हते. पण हाकलून काढल्याने गाव शांत झाले असते, एक झाले नसते. झिंझेंडॉर्फ त्या वेळी ड्रेस्डेनला सरकारी नोकरीत होता. १७२७ साली त्याने रजा घेतली, हर्नहूटला मुक्काम हलवला आणि तो घरोघर जाऊन एकेकाचे गाऱ्हाणे ऐकू लागला. १२ मे रोजी त्याने सर्वांना एकत्र बोलावले, तीन तास तो बोलला, आणि लोकांनी गावचे नियम मान्य केले.

यात एक गोष्ट शिक्षक बंधूंनी ध्यानात घ्यावी. त्याने व्यवहार आणि श्रद्धा यांची गल्लत केली नाही. गावकीचे नियम सर्वांना बंधनकारक होते. श्रद्धेचा बंधुकरार ज्याने त्याने स्वखुशीने स्वीकारायचा होता. इतर मंडळ्यांतल्या भाविकांशीही प्रेमाने राहावे, मतभेदापायी कोणाला दोषी ठरवू नये, असा त्याचा आशय होता. मग बारा वडील निवडले. त्यांतल्या चार प्रमुखांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, आणि त्या चौघांत कोण होता? रुसून वेगळा राहिलेला ख्रिश्चन डेव्हिड! त्याची कालची चूक कोणी त्याच्या आड येऊ दिली नाही. दोन-दोन, तीन-तीन जणांनी नियमाने बसून मन मोकळे करण्याची पद्धतही त्याच वर्षी पडली. १३ ऑगस्टला शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फच्या देवळात सर्वांनी एकत्र प्रभुभोजन घेतले. हा दिवस मोरावियन मंडळी आजही आपल्या नव्या जन्माचा दिवस मानते.

मते एक झाली होती, असे नव्हे. मतभेद होते, तरी माणूस सुटला नाही, एवढेच.

पण हकिकतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हर्नहूटच्या नियमांत, येथील रहिवासी वेठबिगारीतून कायमचे मुक्त, असे कलम होते. १७३२ साली याच गावातून एक कुंभार आणि एक सुतार वेस्ट इंडीजमधल्या सेंट टॉमस बेटावर गुलामांना धर्म सांगायला गेले. पुढे काही वर्षांतच तेथल्या मिशनने मळा विकत घेतला आणि गुलामही बाळगले. स्वतः झिंझेंडॉर्फने तेथे जाऊन गुलामगिरी ही ईश्वरी योजनाच आहे, असा उपदेश केला. ज्यांना ‘बंधू’ म्हटले त्यांनाच दावणीला बांधून ठेवले! शेजाऱ्याचे दोष पोटात घालणे त्यांना साधले. पण ज्याला बोलण्याचा हक्कच नव्हता, त्याचे गाऱ्हाणे ऐकायला ते त्याच्या दारी गेले नाहीत.

हर्नहूटचा धागा आपल्यापर्यंतही येतो. विल्यम कॅरीने १७९२ साली धर्मप्रसाराविषयी जी पुस्तिका लिहिली, तीत मोरावियन लोकांच्या कामाचा दाखला आहे. याच कॅरीने १८०५ साली सिरामपूरहून मराठी भाषेचे व्याकरण छापले. आणि २०२४ साली युनेस्कोने हर्नहूटचा जागतिक वारशात समावेश केला.

वारसा म्हणून जग तेथल्या इमारती पाहील. आपण मात्र ते तीन तासांचे बोलणे आठवावे, आणि त्याआधीचे ते घरोघरचे ऐकणेही आठवावे. एकोपा हवा असेल तर निर्दोष माणसांची वाट पाहून भागत नाही. आहेत त्या माणसांच्या उंबऱ्यावर जावे लागते, आणि एकही उंबरा वगळून चालत नाही.