नव्वद नंबरचं तेल

मागच्या दिवाळीत देवणीला गेलो, तेव्हा आजोबांची जीप भंगारात द्यायची की ठेवायची यावर घरात वाद चालू होता. जुनी एमएम ५४०, फोर व्हील ड्राइव्ह. इंजिन धडधाकट होतं, पण मागून घुरघुर ऐकू यायची. मी विचारलं, मागच्या अ‍ॅक्सलचं तेल शेवटचं कधी बदललं? कुणालाच सांगता येईना. आजोबांनी उलट मलाच विचारलं, “तिथं बी तेल असतंय व्हय?”

आधी हसू आलं, मग माझीच लाज वाटली. या माणसानं अर्धं आयुष्य बैलगाडी हाकलीय. आख आणि वंगण यांबद्दल त्यांना जे कळतं ते मला यूट्यूबवरून कळलंय.

गाडीला देवणी बैल, लाकडी चाकं, लोखंडी आख. वंगण संपलं की चाक करकरायचं, ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. मग एरंडेलात भिजवलेली चिंधी आखावर फिरायची. आजोबा लहान असताना देवणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानात, विशेषतः तेलंगणात, एरंडाचं पीक मोठं. एरंडेल धातूला धरून बसतं, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांतही तेच वापरत. १९०९ मध्ये एका इंग्रज कंपनीनं एरंडेल मिसळलेलं वंगण बाजारात आणलं. ‘कॅस्टर’वरून त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल.

जीपचं मूळही हैदराबादच्या जवळून जातं. १९४५ मध्ये कंपनी निघाली ती ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावानं. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, जे त्याआधी निजामाचे अर्थमंत्री होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दुसरंही ‘महिंद्रा’ आलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी मुंबईत, माझगावला, विलीज जीपची जुळणी सुरू झाली.

मग जीपच्या अ‍ॅक्सलमध्ये एरंडेल का चालत नाही? कारण आतल्या दात्यांची रचना. पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवला की प्रोपेलर शाफ्ट खाली येतो आणि गाडीचा तळही खाली घेता येतो. अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीनं असे हायपॉइड दाते कापायची यंत्रं केली आणि १९२६ मध्ये ते पॅकार्डच्या मोटारींत आले. पण हे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, आडवे घासतात. त्या दाबाखाली साध्या तेलाचा पापुद्रा फाटतो. म्हणून तेलात गंधकाची रसायनं घालतात. दाते तापले की पोलादावरच एक पातळ थर तयार होतो. नव्वद नंबरच्या तेलाला येणारा तो उग्र वास गंधकाचाच.

आणि हे सगळं बंद पेटीत. करकर नाही, काही नाही. आवाज येतो तेव्हा दाते खाल्लेले असतात.

उदगीरच्या एका मेकॅनिक चाचांनी फोनवर बजावलं होतं, “आधी वरचा बोल्ट निघतोय का बघ, मगच खालच्याला हात लाव.” तेल सांडून बसलो आणि भरायचं भोकच उघडलं नाही, तर जीप जागीच. वरचा निघाला. खालून आलं ते ताकाच्या रंगाचं, म्हणजे पाणी शिरलेलं. गरम अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. आमच्या ब्रीदरवर चिखलाचं ढेकूळ होतं.

वरच्या भोकातून ओघळेपर्यंत नवं तेल भरलं. आजोबांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं.

“एरंडेलाला असला वास नव्हता,” एवढंच म्हणाले.

घुरघुर कमी झालीय, गेलेली नाही. पुढच्या अ‍ॅक्सलचा वरचा बोल्ट अजून निघालेला नाही.