ठाणे, कल्याण, डोंबिवलीत शिकायला येताय? खोली ठरवण्याआधी हे वाचा

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या याद्या जाहीर होऊ लागल्या की आमचे फोन वाजायला लागतात. विदर्भ किंवा देवगिरी एक्स्प्रेसने भल्या पहाटे कल्याणला उतरलेला मुलगा, सोबत वडील नाहीतर मामा, हातात बॅग आणि प्रवेशाची पावती. वाशीमचा असो, हिंगोलीचा असो की बुलढाण्याचा, विचारणे एकच : "दादा, स्वस्तात खोली कुठे मिळेल?" या प्रश्नावर आम्ही जे सांगत आलो ते इथे एकत्र लिहून ठेवत आहोत. कार्यकर्त्यांनी आपल्या गावातल्या मुलांपर्यंत ते पोहोचवावे.

आधी वसतिगृह, मग खोली

खोली बघण्याआधी समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरा. जागा मिळणार नाही असे गृहीत धरून अर्जच न भरणारी मुले दरवर्षी भेटतात आणि तिथेच त्यांचे नुकसान होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जी २०१६-१७ पासून सुरू आहे, ती अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातल्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, जे वसतिगृहाला पात्र असूनही प्रवेश मिळवू शकले नाहीत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर या शहरांसाठी योजनेत ठरवलेली रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे : भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००. इतर महापालिका क्षेत्रांसाठी ती कमी आहे. त्यामुळे कॉलेज ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे की कल्याण-डोंबिवलीच्या, यावर हिशेब बदलतो. अर्ज भरताना आपला गट समाजकल्याण कार्यालयातून लेखी समजून घ्या. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा.

आता आकडा नीट बघा. निवासाचे वर्षाला २०,००० म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. एवढ्यात ठाण्यात खोली येत नाही, खोलीतला वाटा येतो. समजा तिघांनी मिळून ७,५०० रुपये भाड्याची खोली घेतली, तर प्रत्येकी २,५०० झाले, म्हणजे महिन्याला आठशेच्या वर पदरचे. वीजबिल वेगळे. शिवाय मालक डिपॉझिट मागणार, एजंट एक महिन्याचे भाडे मागणार, आणि ते पहिल्याच दिवशी. स्वाधारचे पैसे हप्त्याने खात्यात येतात, जूनमध्ये नव्हे. डिपॉझिटची सोय घरून किंवा नातेवाइकांकडून आधी झाली पाहिजे. नाहीतर मुलगा सावकाराकडे जातो.

याच योजनेत ७५ टक्के हजेरीची अट आहे. महिन्याला पाचशे रुपये वाचवण्यासाठी मुलगा लांबच्या उपनगरात राहतो, गर्दीत दोन लोकल सोडतो, पहिले लेक्चर बुडते आणि वर्षाच्या शेवटी हजेरी कमी भरते. म्हणजे पाचशे वाचवायला गेला आणि हप्ता गमावून बसला. म्हणून आमचा पहिला उलटा प्रश्न भाड्याचा नसतो. आम्ही विचारतो, कॉलेज कुठे आहे आणि पहिले लेक्चर किती वाजता?

गर्दी कुठल्या दिशेने जाते

ठाणे ते कल्याण अंतर वीसेक किलोमीटर. मधली स्टेशने कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली. कल्याणपुढे एक फाटा शहाड, आंबिवली, टिटवाळ्याकडे जातो आणि दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे. सकाळी सगळी गर्दी मुंबईच्या दिशेने असते. त्यामुळे कॉलेज ठाण्यात आणि खोली बदलापुरात, ही कागदावर परवडणारी जोडी प्रत्यक्षात सर्वात त्रासाची आहे. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान सकाळच्या गर्दीत दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला. गावाकडून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात लोकलच्या दारात उभे राहण्याची सवय नसते आणि ती लागूही नये.

शक्य असेल तर गर्दीच्या उलट बाजूने जाणारी खोली बघा. उल्हासनगरच्या सीएचएम कॉलेजात प्रवेश असेल तर कल्याणला राहून सकाळी उलट्या दिशेला जाता येते. ठाण्यात, चेंदणी बंदर रस्त्यावरच्या बांदोडकर किंवा जोशी-बेडेकर कॉलेजात जायचे असेल तर ऐरोली-रबाळे-घणसोलीची ट्रान्स-हार्बर बाजू विचारात घ्या. सकाळी नोकरदारांची गर्दी ठाण्याहून तिकडे जाते, तुम्ही इकडे येणार. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयासाठी कळव्यातच, खारेगाव किंवा विटाव्याला बघा. कळव्याला जलद लोकल थांबत नाही हे लक्षात असू द्या.

कल्याणात बिर्ला कॉलेज पश्चिमेला मुरबाड रोडवर आहे, आणि खोल्या तुलनेने स्वस्त मिळतात त्या पूर्वेला, कोळसेवाडी, काटेमानिवली, चिंचपाडा या भागांत. पूर्वेकडून पश्चिमेला यायला स्टेशनचा पूल आणि पुढे शेअर रिक्षा. तो रिक्षाचा रोजचा खर्च भाड्यात मिळवा आणि मगच स्वस्त की महाग ते ठरवा. डोंबिवलीत पेंढरकर कॉलेज पूर्वेला एमआयडीसीकडे आहे. त्या भागात राहताना कारखान्यांपासूनचे अंतर विचारा. २३ मे २०२४ रोजी तिथल्या रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाने आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या आणि माणसे मेली. त्याआधी मे २०१६ मध्येही असाच स्फोट झाला होता.

घोडबंदर रोडबद्दल एकच सांगतो. कासारवडवलीला कॉलेज असेल तरच तिकडे राहा. नाहीतर वाहतूक कोंडी आणि टँकरचे पाणी दोन्ही विकत घ्याल. मेट्रो होणार म्हणून भाडे वाढवून सांगणाऱ्या मालकाला, ती धावेल तेव्हा बघू असे नम्रपणे सांगा.

कॉलेजातून रेल्वे सवलतीचा फॉर्म मिळतो, त्यावर विद्यार्थी पास निघतो. प्रवेश घेतल्याच दिवशी तो मागा.

इमारत कुणाची, कागद कुणाचे

४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांची रेरा नोंदणी मिळवली होती. तिथल्या कुटुंबांचे हाल सर्वांनी वाचले, पण अशा इमारतींत भाड्याने राहणाऱ्यांचे डिपॉझिट आणि ऐन परीक्षेत डोक्यावरचे छप्पर जाते, याची बातमी होत नाही.

पावसाळ्याआधी दोन्ही महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची इमारत. यादी प्रभाग कार्यालयात बघायला मिळते. घरपट्टीची पावती दाखवून मालक "सगळे लीगल आहे" म्हणतो. महापालिकेने कर घेतला म्हणजे बांधकाम अधिकृत होत नाही. शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारा : पाणी किती वेळ येते आणि पावसात कुठपर्यंत चढते? वालधुनी नदीकाठी आणि खाडीलगत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

"आडनाव काय म्हणालात?"

एजंट फोनवर आधी बजेट विचारतो, मग गाव, मग आडनाव, आणि शेवटी "नॉनव्हेज खाता का?" चारही प्रश्नांचा रोख एकच असतो. खोली कालपर्यंत रिकामी असते आणि आडनाव ऐकल्यावर "आत्ताच गेली." मालक वाईट नाही, सोसायटीच ऐकत नाही, असे एजंट सांगतो, सोसायटीत विचारले तर मालकाचा निर्णय असे उत्तर मिळते. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत प्रसिद्ध झाला. सवर्ण नावाला सहज मिळणारे घर दलित आणि मुस्लिम नावाला नाकारले जाते, किंवा जास्त अटी लावून मिळते, हे त्यात दिसले. आपल्याकडे तसा अभ्यास कुणी करो न करो, जून महिन्यात आमच्या फोनवर तो रोज चालू असतो.

मग मुले विचारतात, आडनाव बदलून सांगू का? आम्ही नाही म्हणतो, आणि कारण भावनिक नाही. करार नोंदवताना आधार लागते, तिथे नाव उघड होते आणि खोटे बोललात हे निमित्त मालकाच्या हाती जाते. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना कुठेच जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. पुढचे काही तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले आणि मुंबईला परतले. कोलंबियात शिकून आलेला माणूस घरापायी नोकरी सोडून आला. आमच्या ओळखीतली एक मुलगी डोंबिवलीत एका घरी पेइंग गेस्ट होती. वर्षभर तिने बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला आणि १४ एप्रिलला "मैत्रिणीकडे जाते" सांगून जयंतीला आली. अभ्यास झाला तिचा, चांगला झाला. पण दुसऱ्या वर्षी ती तिथे राहिली नाही.

फोनवर न विचारता जात सांगत बसू नका. विचारले तर खरे सांगा आणि नकार आला तर वाद न घालता पुढची खोली बघा. जूनमध्ये तुमचा वेळ भांडणापेक्षा महाग आहे. खासगी मालकाने घर देण्यास नकार दिला तर थेट दाद मागण्याचा सोपा मार्ग कायद्यात नाही. मात्र जातीवरून चारचौघांत अपमान केला, शिवी दिली, तर ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे "तुम्ही आता बौद्ध, तुम्हाला लागू नाही" या बोलण्याला भुलू नका. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा आणि स्थानिक कार्यकर्त्यांना सोबत घ्या.

दुसरा रस्ता आपल्या वस्तीचा. कोपरीचे सिद्धार्थनगर, वालधुनीचे अशोकनगर अशा ठिकाणी रविवारच्या वंदनेला विहारात जाऊन विचारले तर संध्याकाळपर्यंत दोन पत्ते हाती येतात. तिथे आडनाव विचारतात ते सोयरीक शोधायला. आजारी पडलात तर शेजारची काकू पेज आणून देते. पण आम्हाला इथेही एक खुपते. आपल्याच वस्तीतले काही मालक कागद करत नाहीत, "आपल्या माणसाला करार कशाला?" म्हणतात, आणि मे महिन्यात डिपॉझिट मागितले की आपलेपण संपते. मातंग मुलाला, मुस्लिम मुलाला आपल्या वस्तीत खोली नाकारल्याचेही आम्ही पाहिले आहे. बडोद्याची गोष्ट सांगणाऱ्या घरात हे घडते, तेव्हा कार्यकर्त्यांनी तिथे बोलले पाहिजे.

करार, पावती आणि परतीचे डिपॉझिट

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल तर वादाच्या वेळी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला शिक्षेची तरतूद आहे. हे भांडणात सांगण्यापेक्षा ठरवतानाच शांतपणे सांगा. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळे, हा खर्च कोण करणार ते आधी बोलून घ्या. स्वाधारसाठी भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, तिथे हाच कागद कामी येतो. तिघे राहणार असाल तर तिघांची नावे करारात हवीत. एकाच्याच नावावर करार असला की उरलेले दोघे कागदावर कुठेच राहत नसतात.

सोसायटी बाहेरच्या भाडेकरूबद्दल जादा आकार घेते. २००१ च्या शासन आदेशानुसार तो सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, आणि तो सोसायटी मालकाकडून घेते. तुमच्या भाड्यात वेगळा लावला असेल तर विचारा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे हेही मालकाचे काम. ठाणे ते बदलापूर सगळे ठाणे पोलीस आयुक्तालयाखाली येते.

डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर टाका. खोलीत शिरताना भिंती, नळ, पंखा, वीज मीटरचे आकडे यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. सोडायच्या महिनाभर आधी लेखी कळवा, आणि चावी देतानाच पैसे खात्यात आले का ते बघा. "गावी पोचलास की टाकतो" म्हणणाऱ्या मालकाकडून पैसे आणायला आम्ही एकदा चार फेऱ्या मारल्या. मुलाचे डिपॉझिट होते सहा हजार; त्यातले साडेतीन मिळाले.