गाव सुटलं की लागतं ते आडनाव

मालगुंडच्या रस्त्यावर उभं राहून कोणी ‘ओ मालगुंडकर’ अशी हाक मारली, तर कोणी वळून बघायचं? गावातला प्रत्येकजण मालगुंडचाच. तिथे माणूस ओळखला जातो तो वाडीवरून, घरावरून, नाहीतर बापाच्या धंद्यावरून: खालच्या वाडीतला, विहिरीजवळच्या घरातला, होडीवाल्यांचा धाकटा. ‘मालगुंडकर’ व्हायचं तर आधी मालगुंड सोडावं लागतं. परगावी बिऱ्हाड करावं लागतं, तिथल्या शेजाऱ्याने ‘कुठले तुम्ही?’ असं विचारावं लागतं. मग त्याच्या तोंडून गावाच्या नावाला ‘कर’ जोडला जातो, दोन पिढ्यांत तो शाळेच्या दाखल्यावर चढतो, आणि तिसऱ्या पिढीला ते गाव डोळ्यांनी पाहिलेलं नसलं तरी त्याचं नाव जन्मभर वागवावं लागतं.

गणपतीपुळ्याच्या देवळापासून दोन-तीन किलोमीटरवरचं हे गाव मराठी वाचकाला माहीत आहे ते एका कवीमुळे. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म 1866 मध्ये इथला. आयुष्यभर त्यांनी गावं बदलली. वडील केसोपंत आधी शाळामास्तर होते, पुढे दापोली भागातल्या वळणे गावी विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीचा कारभार पाहू लागले. मुलगा शिकायला पुण्यात, नोकरीला मुंबईत, मग खानदेशातल्या फैजपूरला आणि शेवटी धारवाडला गेला. 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीला प्लेगने त्यांचा अंत झाला. इतकी गावं पालथी घातलेल्या या माणसाच्या नावाला ‘कर’ मात्र कधी लागला नाही. घराण्याचं दामले हे आडनाव आधीच पक्कं होतं. आणि कवितेखाली नाव घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेही बाजूला ठेवलं. केशवचा मुलगा म्हणून केशवसुत, एवढंच त्यांना पुरलं.

या नावाकडे इंग्रजी आडनावांच्या शेजारी ठेवून पाहिलं तर एक ओळखीचा साचा दिसतो. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा, विल्सन म्हणजे विलचा. ‘सन’ आणि ‘सुत’ यांचं काम एकच आहे. फरक इतकाच, की इंग्लंडात कोण्या एका जॉनचं नाव त्याच्या नातवा-पणतवांना कायमचं चिकटलं, जॉन नावाचा बाप असो वा नसो. मराठीत बापाचं नाव मधल्या जागी बसतं आणि दर पिढीला बदलतं. कृष्णाजी केशव, त्याचा मुलगा अमुक कृष्णाजी. म्हणूनच ‘सुत’ आपल्याकडे आडनावात थिजला नाही. तो कवीच्या हाती मोकळा राहिला. नात्यावरून टोपणनाव घ्यायची ही रीत मराठी कवितेत पुढेही दिसते: राम गणेश गडकरी गोविंदाग्रज झाले, विष्णु वामन शिरवाडकर कुसुमाग्रज झाले. एकाने भावाचं नाव घेतलं, दुसऱ्याने बहिणीचं. शिरवाडकरांच्या बाबतीत तर गंमत अशी, की नाशिककडच्या शिरवाड्याचं नाव आडनावातून त्यांच्याकडे आलंच होतं. कवितेपुरतं त्यांनी गाव सोडून बहीण निवडली.

केशवसुतांनी ज्या इंग्रज कवींना आपलंसं केलं, त्यांची आडनावं उलगडली तर आत काय निघतं? वर्ड्सवर्थचं नाव घ्यावं. ते यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या वॅड्सवर्थ या गावावरून आलं असं मानतात. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली राहती जागा. वॅडी नावाच्या कोणा माणसाचं आवार ते वॅड्सवर्थ. कोकणात याला वाडी म्हणतात, आणि ‘जोशीवाडी’, ‘भंडारवाडी’ अशी नावं आपल्याला समजावून सांगावी लागत नाहीत. शेली हेही मूळ गावाचंच नाव. त्यातला शेवटचा ‘ली’ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. ज्या ज्या इंग्रजी आडनावाच्या शेवटी ‘टन’, ‘ली’, ‘वर्थ’ किंवा डॅनिश लोकांनी वसवलेल्या खेड्यांचा ‘बी’ येतो, त्या बहुतेकांच्या पोटात एखादं गाव दडलेलं असतं. प्रत्यय गावाच्या नावातच आहे, माणसासाठी वेगळा ‘कर’ लावायची त्यांना गरज पडली नाही.

पण गावांची ही नावं माणसांना चिकटली कशी, हे पाहिलं की मालगुंडकराची गोष्ट पुन्हा समोर येते. लिंकन हे आडनाव लिंकन शहरात मिळणं कठीण होतं, कारण तिथे सगळेच लिंकनचे. ते लागलं लिंकन सोडून दुसरीकडे गेलेल्याला. 1066 च्या नॉर्मन स्वारीनंतर जमीनदारांनी आपापल्या गढीचं नाव लावायला सुरुवात केली, मग शहरातल्या व्यापाऱ्यांनी, मग कुळांनी. 1377 ते 1381 या काळात माणशी कर बसला तेव्हा याद्यांमध्ये माणसं वेगळी ओळखता येणं सरकारला हवंच होतं. 1538 पासून चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद सक्तीची झाली आणि वहीतलं नाव हलायचं थांबलं. वर्ड्सवर्थांचं घराणं तोवर दक्षिणेला पेनिस्टन गावी रुजलं होतं. या घराण्यातल्या एकाने 1525 मध्ये ओकचं एक कपाट करून घेतलं आणि त्याच्या लाकडावर आपली चार पिढ्यांची वंशावळ कोरून घेतली. ते कपाट पुढे कवीच्या ताब्यात आलं. कवीचा जन्म मात्र 1770 सालचा, आणि तोही यॉर्कशरमध्ये नाही, कंबरलंडमधल्या कॉकरमथ गावातला. वॅडीचं आवार कधीच मागे पडलं होतं, नाव तेवढं सोबत होतं. हेच नाव समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलं आणि हेन्री वॅड्सवर्थ लाँगफेलो या कवीच्या नावात मधोमध बसलं. ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. लाँगफेलो म्हणजे सरळसरळ ‘उंच गडी’. अंगलटीवरून पडलेली अशी नावं आपल्याकडेही कमी नाहीत.

हेन्री ब्रूम गपी यांनी 1890 मध्ये ब्रिटनमधल्या आडनावांची मूळ ठिकाणं शोधणारं पुस्तक काढलं. त्यांनी यादी धरली ती शेतकऱ्यांची, कारण शेतकरी जमीन सोडून सहसा हलत नाही. ज्या परगण्यात एखादं नाव शेतकऱ्यांत दाट, तिथे त्याचं घर. ही युक्ती कोकणात अर्धीच चालेल. कसणारा गावात राहतो हे खरं, पण त्याचा धाकटा भाऊ मुंबईला असतो, आणि ‘कर’ लागतो तो धाकट्याला.

कोकणातून माणसं बाहेर पडली ती लाटांनी. 1713 मध्ये श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले आणि कोकणातली घराणी घाटावर चढू लागली. मालगुंडच्याच पंचक्रोशीतलं, गणपतीपुळ्याकडे जाताना लागणारं कोतवडे हे हरभट पटवर्धनांचं गाव. पुळ्याच्या गणपतीचे हे उपासक इचलकरंजीकर घोरपड्यांकडे गेले आणि त्यांच्या वंशजांनी सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड अशी संस्थानं उभी केली. इथे ‘कर’ची एक वेगळीच चाल दिसते. पटवर्धन हे आडनाव कायम राहिलं, पण संस्थानिकाची ओळख ‘सांगलीकर’, ‘मिरजकर’ अशी होऊ लागली. ज्या गावावर राज्य, त्या गावाचा कर. आलेल्या गावाचं, कोतवड्याचं नाव मात्र कोणी लावलं नाही. आणि ज्या घोरपड्यांकडे हरभट गेले, त्यांचं मूळ आडनाव जोशी. नारो महादेव जोशींनी आपल्या धन्याचं, घोरपडे हे नाव कृतज्ञतेपोटी स्वतःला लावून घेतलं. आडनाव रक्तातून उतरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

दुसरी लाट गिरण्यांची. 1854 मध्ये मुंबईत कापडाची पहिली गिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्याने गिरणगावाला जितके हात पुरवले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याने पुरवले असतील. एका गावची माणसं एका खोलीत राहत. पाळीवर गेलेल्याच्या वळकटीवर पाळीवरून आलेला झोपे. त्या खोलीत सगळे एका गावचे, पण चाळीच्या जिन्यावर मात्र नेवरेकर, पावसकर, देवरुखकर, लांजेकर, राजापूरकर अशी सारी रत्नागिरी भेटे. हजेरीपटावर नाव लिहिणाऱ्या कारकुनाला गावाचं नाव सोयीचं होतं. खेड्यात ज्याला आडनाव लावायची वेळ वर्षात एकदाही येत नसे, त्याला मुंबईत ते रोज लागू लागलं.

या सगळ्यांत सर्वांत बोलकं उदाहरण मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावाचं. रामजी सकपाळ लष्करात होते. त्यांच्या धाकट्या मुलाचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू छावणीत, कोकणापासून शेकडो मैल लांब झाला. आंबडव्याच्या नावाने झालेलं आंबडवेकर पुढे ‘आंबेडकर’ झालं, आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत या मुलाचं नाव भिवा रामजी आंबेडकर असं नोंदलं गेलं. ज्या गावाने त्याच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्या गावाचं नाव त्याच्या एका सहीने जगभर पोचलं. आडनावाच्या इतिहासात याहून मोठी घटना मराठीत शोधून सापडणार नाही.

‘कर’ला जात नाही, धर्मही नाही. कोकणी मुसलमानांतही तो आहे, आणि त्याच्या जोडीला समुद्राने दिलेली नावं आहेत: गलबताचा मालक किंवा कप्तान तो नाखवा, खलाशांचा म्होरक्या तो सारंग. कोळी-खारव्यांत होडीचा प्रमुख तो तांडेल, आणि तेच आडनाव. बेने इस्राएल समाजाची हकीकत तर याहून लांबची. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. वाचलेले आसपासच्या गावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले. पुढे किहीमचा तो किहीमकर, पेणचा पेणकर, रोह्याचा रोहेकर, चौलचा चेऊलकर. ‘बूट पॉलिश’ या 1954 च्या चित्रपटातला जॉनचाचा ज्यांनी पाहिला आहे, त्या अभिनेते डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. 1948 नंतर या समाजातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या दारावरच्या पाट्यांमध्ये जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली खेडी राहिली आहेत.

कधी ‘कर’ आपणहून निवडलाही जातो. गणेशभट अभिषेकींच्या मुलाने रंगभूमीवर उभं राहताना अभिषेकी हे पूजेच्या हक्काचं नाव सोडलं आणि मंगेशी गावाचं नाव घेतलं. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या त्या निवडीमुळे गोव्यातलं एक लहान गाव घरोघरच्या रेडिओवर पोचलं.

दामले या नावाला गाव नाही. पण ते फिरलं कमी नाही. केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी 1911 मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं. शब्दाला प्रत्यय लागतो तेव्हा काय होतं, याचा इतका बारीक विचार करणारा ग्रंथ मराठीत त्याआधी नव्हता. विष्णुपंत दामले पेणचे. 1929 मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ कंपनी उभी राहिली तेव्हा ते संस्थापकांपैकी एक होते, आणि ‘संत तुकाराम’ त्यांनी फत्तेलालांबरोबर दिग्दर्शित केला. कविता, व्याकरण, चित्रपट अशा तिन्ही ठिकाणी हे नाव कोरलं गेलं आहे.

मालगुंडात कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांचं जन्मघर जतन केलं आणि त्याच आवारात स्मारक उभारलं. या परिषदेच्या मागे उभे राहिले ते मधु मंगेश कर्णिक. कर्णिक म्हणजे दप्तर आणि हिशेब लिहिणारा, तेव्हा तेही आडनाव एका कामाचंच. घराच्या ओटीवरून आत पाऊल टाकलं की गारवा लागतो, उंबरा ओलांडताना मान आपोआप खाली जाते. बाहेर फाटकावर ‘कवी केशवसुत स्मारक’ असं नाव आहे. दामले हे आडनाव ज्या घरात नांदलं, त्या घराची ओळख आज बापाच्या पहिल्या नावाने होते.

कोकणस्थ घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून ठेवले आहेत. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावचा, कोण कुठे गेला हे त्यांत पिढीवार सापडतं. कुणबी, भंडारी, खारवी, बौद्ध घरांजवळ असे ग्रंथ बहुधा नाहीत. त्यांचा पुरावा म्हणजे सातबारा, शाळेचा दाखला आणि आडनाव, आणि या तिघांत सर्वांत जुनं बहुतेक वेळा आडनावच असतं. ते कुठल्या गावाहून आलं, कोणत्या पणजोबाने ते पहिल्यांदा लावलं, त्याआधी घराला काय म्हणत, हे आज फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. येत्या गणपतीत गावच्या घरी जाल तेव्हा आरती झाल्यावर आजी-आजोबांपाशी बसा, एक शंभर पानी वही घ्या, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव नीट, पूर्ण लिहा, तालुक्यासकट.