फोटो कुणी काढला?

'आम्ही फोटो काढला' या मराठी वाक्यातून कॅमेरा कुणाच्या हातात होता, हे कळत नाही. कॅमेरा चालवणारा फोटो काढतो. आणि लग्नानंतर स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ बसून आलेले जोडपेही 'आम्ही फोटो काढला' असेच सांगते. हिंदीत एक जण फोटो 'खींचता' आणि दुसरा तो 'खिंचवाता'. हा भेद मराठी बोलण्यात सहसा पाळला जात नाही. शिवाय आपले 'काढणे' हे क्रियापद चित्र रेखाटण्यापासून दात उपटण्यापर्यंत सर्वत्र चालते. त्यात निर्मितीही आहे आणि हिरावून घेणेही. छायाचित्रणाच्या इतिहासाकडे छायाचित्रकाराच्या बाजूने पाहिले जाते तेव्हा पहिला अर्थ ठळक होतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या बाजूने पाहिले, तर दुसरा.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला कारण पुण्यातलेच आहे. गेल्या काही वर्षांत फिल्मचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून पेठांतून हिंडणारी तरुण मुले दिसू लागली आहेत. त्यांपैकी काही आमचे विद्यार्थी आहेत, आणि आमच्यापैकी दोघे त्यांच्याबरोबर मंडईत, कसब्यात, रविवारात पुष्कळदा फिरलेले आहेत. या कॅमेऱ्याचे जे स्वागत होते ते नवल वाटावे असे असते. यंत्र दिसताच एखादे आजोबा थांबतात. 'रोल मिळतो का हो अजून?' हा पहिला प्रश्न. मग 'आमच्या वडिलांकडे होता असाच, क्लिक थ्री.' मग ते यंत्र हातात घेऊन पाहणे, झाकण उघडण्याचा मोह, आणि शेवटी 'काढ, माझाही एक काढ.' त्याच गल्लीत मोठ्या भिंगाचा डिजिटल कॅमेरा काढला की प्रश्न बदलतात. 'कुठल्या पेपरचे?' 'चॅनेलवाले का?' आणि जुन्या वाड्यासमोर असाल तर, 'बिल्डरने पाठवलंय का?' मालक आणि भाडेकरू यांचा दावा वर्षानुवर्षे चाललेल्या वाड्यात हा प्रश्न अगदी वाजवी आहे, हे पुणेकराला सांगायला नको. जुन्या कॅमेऱ्याला मात्र तो कुणी विचारत नाही. त्याला भूतकाळाचा जणू दाखलाच मिळालेला असतो.

आमचे म्हणणे असे की, हा विश्वास त्या यंत्राला त्याच्या स्वतःच्या काळात कधीही मिळालेला नव्हता.

अगदी प्रारंभापासून पाहावे. १८३८ मध्ये डागेरने पॅरिसमधल्या एका वाहत्या हमरस्त्याचे चित्र घेतले. प्रकाश पडू देण्याचा काळ काही मिनिटांचा असल्याने चालती माणसे, घोडे, गाड्या सारे त्यातून नाहीसे झाले. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस. पुढे काचेवरच्या ओल्या कलोडियनची पद्धत आली आणि हा काळ सेकंदांवर उतरला. तरी हलणारा माणूस पुसटच होत असे. परिणाम असा, की त्या काळच्या रस्त्यांच्या चित्रांत स्पष्ट उमटतात ते बहुधा काम सोडून कॅमेऱ्याकडे पाहत थबकलेले लोक. जे आपल्या वाटेने गेले ते गेले. अनोळखी माणसाची प्रतिक्रिया हीच त्याच्या चित्रात राहण्याची अट होती. आपल्याकडील एकोणिसाव्या शतकातील बाजारांची आणि घाटांची चित्रे चाळताना हे ध्यानात ठेवले म्हणजे 'तेव्हाचे लोक किती गंभीर' यासारखी विधाने करताना जीभ जरा अडखळते. त्यांनी श्वास रोखून धरलेला आहे.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिकही लवकरच पुढे आले. म्हणजे हे तंत्र फार काळ केवळ साहेबाचे राहिले नाही. पण रस्त्यावर येणारा कॅमेरा बहुतेक साहेबाचाच असे. ओली काच वाळण्यापूर्वी जागच्या जागी धुवावी लागत असल्याने त्याच्याबरोबर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि हमाल येत. हा लवाजमा पाहून गर्दी न जमती तरच आश्चर्य. १८६३ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युएल बोर्नने इथली माणसे कॅमेऱ्यापुढे लाकडासारखी ताठ होतात अशी तक्रार लिहून ठेवली आहे. आम्हाला ही तक्रार उफराटी वाटते. न हलण्याची गरज यंत्राला होती आणि दोष मात्र ताठ उभा राहणाऱ्याला लागला.

भीतीची गोष्ट याहून परिचित आहे. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, ही समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. दादासाहेब फाळके यांनी १८९५ मध्ये गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पत्नी आणि मूल प्लेगने गेल्यावर त्यांनी ते गाव सोडले. बडोद्यात पुन्हा दुकान थाटले, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे ज्याच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी १९१३ मध्ये लोक तिकिटे काढून आत शिरले, त्याच माणसाच्या स्थिर कॅमेऱ्यासमोर ते बसायला तयार नव्हते. या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या वर्षांत ती पसरली त्या वर्षांत कॅमेरा कुणाबरोबर दारात येत होता, हेही पाहिले पाहिजे.

१८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, सामान रस्त्यावर काढले, माणसे इस्पितळात आणि सेग्रिगेशन छावणीत हलवली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच वर्षी मुंबईच्या प्लेग कमिटीच्या कामाची छायाचित्रे कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्याने घेतली. त्यांचे अल्बम आज संग्रहालयांत जपलेले आहेत. रुग्णालयातल्या खाटा, तपासणीची पथके, घरांबाहेर काढलेली माणसे. ही सरकारी कामाची नोंद होती, आणि ओळीत उभ्या केलेल्यांनी ती मागितलेली नव्हती. कारभाराच्या मागोमाग येणाऱ्या यंत्राविषयी मनात धास्ती असेल, तर ती अंधश्रद्धेपेक्षा अनुभवाच्या अधिक जवळची म्हणावी लागेल.

आणि संशय फक्त आपल्याकडेच होता असेही नाही. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात मावणारा, शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कॅमेरा अमेरिकेत विकायला आला आणि न विचारता कुणाचेही चित्र घेणारे हौशी लोक समुद्रकिनाऱ्यांवर, बागांत उपद्रव वाटू लागले. १८९० मध्ये वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त खाजगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यामागे वर्तमानपत्रांइतकाच हा झटपट कॅमेराही होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, त्यात या लेखाचा परामर्श आहे. म्हणजे आज ज्याच्याकडे पाहून आपण हळवे होतो त्या रोलच्या कॅमेऱ्याच्या धास्तीतून एका हक्काची भाषा घडली.

कॅमेरा कुणाच्या हातात आहे, यावरही रस्त्याची नजर बदलते. होमाई व्यारावाला १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत, नंतर दिल्लीत वृत्तछायाचित्रे घेत होत्या. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन फिरते म्हणजे नुसती हौस मिरवते आहे, असे लोकांना आरंभी वाटे, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. गंभीरपणे न घेतले गेल्याने त्यांना नको तिथे वाट मिळाली, हा त्यातला विनोद. उलट कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकत असे. अनोळखी माणसाला प्रतिक्रिया द्यायला वेळच मिळू नये, ही त्याची कला. त्याच्या चित्रांचे मोठेपण आम्हाला मान्य आहे. पण 'काढणे'चा दुसरा अर्थ तिथे नाहीसा होत नाही.

मग विश्वास आला कुठून? आमच्या मते तो घरातून आला. साठ-सत्तरच्या दशकांत भारतात तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री मध्यमवर्गीय घरात पोचला. रोलमध्ये बारा चित्रे. मुंज, बारसे, महाबळेश्वरची सहल यांत ती संपत. अनोळखी माणसावर चित्र 'वाया' घालवणे परवडणारे नव्हते, म्हणून या कॅमेऱ्याने रस्त्यावरच्या कुणाला दुखावलेही नाही. आज मंडईत थांबणाऱ्या आजोबांना आठवतो तो हा घरचा कॅमेरा. प्लेग कमिटीचा त्यांना आठवण्याचे कारण नाही.

यात एक गोम आहे. डिजिटल कॅमेऱ्याने कितीही उच्छाद मांडला असला, तरी समोरच्याला त्याने एक अधिकार दिला: मागच्या पडद्यावर आपले चित्र पाहण्याचा आणि 'हा नको, पुसून टाका' म्हणण्याचा. पालखी मुक्कामाला असते तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत वारकरी बाया हा अधिकार बिनधास्त वापरताना दिसतात. जुन्या कॅमेऱ्याला मागे पडदा नाही. ज्याच्यावर अनोळखी माणूस अधिक विसंबतो, त्याच्यासमोर तो अधिक निरुपाय असतो.

हे आमच्या विद्यार्थ्याला मंडईत एका भाजीवाल्या बाईंनी ऐकवले. त्याने दोन भिंगांचा याशिका पोटाशी धरून, मान खाली घालून त्यांचे चित्र घेतले. त्या म्हणाल्या, 'दाखव बघू.' 'मावशी, यात दिसत नाही, रोल धुवावा लागतो.' 'मग कसा आलाय ते मला कसं कळायचं? तुला तरी कळलंय का?' त्यालाही कळलेले नव्हते. रोलमधली तीन चित्रे अजून शिल्लक होती, आणि ती संपेपर्यंत तो धुवायला जाणार नव्हता. मावशींनी त्याला वही काढायला लावली, गाळ्याचा नंबर लिहून घ्यायला सांगितला आणि तो वाचून दाखवायला लावला. 'दोन प्रती आण,' त्या म्हणाल्या, 'एक गावाला पाठवायचीय. आणि बरा नसला आला, तर तुझ्याजवळ ठेवू नको. तोही मलाच दे.'