सारथ्याचें अवधान

मालेगांवास आगगाडी आलेली नाहीं. जवळचें मोठें स्थानक मनमाड. त्यामुळें यंत्रमागावरचें कापड काय आणि कसमादेचा कांदा काय, मुख्यत्वें मुंबई-आग्रा रस्त्यानेंच बाहेर पडतो. अशा गांवाचा व्यापार शेवटीं मोटारचालकाच्या डोळ्यांवर चालतो.

त्या डोळ्यांची काळजी घेण्याची रीत नवी नव्हे. १९३९ च्या मोटार कायद्यानें भाड्याच्या मोटारींच्या चालकास दिवसाला ९ व आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांति ठरविली. थकलेल्या माणसाचें अवधान टिकत नाहीं, हें तेव्हांच ओळखलेलें होतें.

१ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी निघाली. पुढें एस. टी.नें जी शिस्त रुजविली, तिच्या मुळाशीं कामाची वांटणी होती. उतारूंचे प्रश्न, तिकिटें, सुटे पैसे, कुरबुरी हें सारें वाहकाकडे. चालकाकडे केवळ रस्ता. चालकाशीं बोलूं नये, असें पाटी उतारूंस बजावी. वाहकही बोले तो घंटेनें : एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला. ही भाषा समजण्यास मान वळवावी लागत नसे. मालमोटारीवर क्लीनर असाच कांहीं भार उचली.

मोबाईलनें ही वांटणी मोडली. मालक, अडत्या, घरचीं माणसें, सारीं थेट चालकाच्या कानाशीं आलीं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारें १७ मीटर जाते. पडद्यावरचें नांव वाचण्यांत ३ सेकंद गेले, तर ५० मीटर रस्ता कोणीं पाहिलेलाच नसतो.

२०१९ च्या दुरुस्तीनें गाडी चालवितांना हातांत धरून फोन वापरणें धोकादायक चालविण्याच्या गुन्ह्यांत मोडूं लागलें. परंतु दंड होतो तो फोन घेणारास. करणारा पेढीवर स्वस्थ असतो. ‘कोठवर आलास?’ असें तो पुष्कळदां काळजीपोटींच विचारतो, आणि त्याच काळजीनें संकट ओढवतें. पगार देणाराचा फोन न उचलण्याचें धैर्य किती चालकांस होणार?

उपाय महागडा नाहीं. गाडी कोठें व केव्हां थांबेल हें निघण्यापूर्वींच ठरवावें, आणि बोलणें त्या थांब्यावरच व्हावें. माल मागविणाऱ्या सुशिक्षित घरांनींही तेवढा धीर धरावा. घंटेची शिस्त टिकली ती वाहकानें पाळली म्हणून. फोनची शिस्तही आधीं मालकानेंच पाळली पाहिजे.